सतरा इंची पडदा

“डोळं कागदावर, बोटं आपापल्या घरी!”

हे म्हणताना बाई हातातली लोखंडी पट्टी टेबलाच्या कडेवर अशी आपटत, की बारा मशिनांची टकटक क्षणभर थांबायची. साताऱ्यात एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांचा टायपिंगचा वर्ग होता. खालून गिरणीची घरघर आणि पिठाची धूळ, वरती ताठ पाठीनं बसलेले आम्ही. बोटांची घरं म्हणजे मधल्या ओळीतल्या ठरलेल्या कळा. प्रत्येक बोटानं आपल्या कळेवरून निघायचं, काम करायचं आणि परत घरी यायचं. डोळ्यांनी मात्र डावीकडं उभ्या केलेल्या कागदावरून हलायचं नाही. कळांकडं बघून टाइप करणं हा बाईंच्या लेखी गुन्हा होता, आणि तो मी रोज करत होतो.

तुम्ही म्हणाल, आता हा आपल्या जुन्या बाईंची आरती ओवाळणार. तसं काही नाही. या बाईंवर मी अकरा वर्षं डूख धरून होतो आणि संधी मिळताच सूड घेतला. तो कसा घेतला तेच सांगायला बसलोय. त्यांचं नाव मात्र सांगणार नाही. ते घ्यायचा अधिकार मला उरलेला नाही.

बाई लोणंदकडच्या एका खेड्यातल्या. नवरा फौजेत होता, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला. त्याच्या मागे फौजेकडून एक टाइप केलेलं इंग्रजी पत्र आलं, ते गावात कुणाला धड वाचता येईना. बाई ते पत्र घेऊन तीन गावं फिरल्या. शेवटी एका मास्तरांनी वाचून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या म्हणे, “आता असलं पत्र मी सोता लिवायला शिकनार.” सासरच्यांनी शेतात राबायला ठेवायचं ठरवलं होतं. बाई ट्रंक घेऊन साताऱ्याला आल्या, टायपिंग शिकल्या आणि पुढं अठ्ठावीस वर्षं तेच शिकवलं. बोलणं खेड्यातलंच राहिलं. कागदावर मात्र त्यांची एक वेलांटी कधी ऱ्हस्वाची दीर्घ झाली नाही.

विद्यार्थ्यांना त्या नावानं हाक मारत नसत, मशीनच्या नंबरानं मारत. “चार नंबर, पाठ!” “अकरा नंबर, नख काप!” मी नऊ नंबर. माझी नजर कळांवर गेली की त्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा आणून माझ्या दोन्ही हातांवर टाकत. हिरवा, विटका, पिठाच्या वासाचा. त्या फडक्याखाली माझी बोटं अंधारात चाचपडत आणि शेजारच्या आठ नंबरच्या मुलीला हसू फुटे. ते हसूही मी लक्षात ठेवलं होतं, पण तिच्यावर राग नव्हता. सगळा राग बाईंसाठी राखून ठेवला होता.

सरकारी टायपिंगच्या परीक्षेचा फॉर्म वर्गातर्फे जायचा आणि त्याच्या खाली वर्ग चालवणाऱ्याची सही लागायची. त्याच सुमारास कारकुनांची भरती निघाली होती आणि टायपिंगच्या सर्टिफिकेटाशिवाय अर्ज घेत नव्हते. मी फॉर्म भरून बाईंपुढं ठेवला. त्यांनी तो वाचलाही नाही. फडकं उचललं.

“हात झाक. एक पान टाइप कर.”

मी केलं. बाईंनी पान उजेडाला धरलं, लाल पेन्सिलीनं टिकल्या मारत गेल्या आणि म्हणाल्या, “एकोनीस चुका. सही न्हाई करनार. सहा महिन्यांनी ये.”

“बाई, भरती आहे. पुढच्या खेपेला माझं वय उलटतंय.”

“वय उलटतंय म्हून बोटं सरळ पडनार हायत व्हय?”

मागं सगळा वर्ग ऐकत होता. माझ्या वडिलांनी तोवर अर्ध्या गल्लीला सांगून टाकलं होतं, की पोरगं कचेरीत चिकटणार. मी हात जोडले, बाईंनी फॉर्म माझ्याकडं सरकवला. जिन्यात मी त्याचे चार तुकडे केले. खाली दळणाला आलेल्या बायका माझ्याकडं बघत होत्या. त्या बायकांसमोर मी मनातल्या मनात शपथ घेतली, की ही बाई एक दिवस माझ्यापुढं असाच कागद घेऊन उभी राहील आणि तेव्हा मी सही करणार नाही. माझ्याबरोबरचे चौघेजण त्या भरतीत लागले. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

पुढं मी पुण्याला जाऊन संगणक जोडायला शिकलो आणि नव्वद साल उलटल्यावर सांगलीत दुकान टाकलं. दुकान चालायला लागलं. लोक म्हणत, बरं झालं, कारकून झाला नाहीस. मला ते पटत नसे. जे बरं झालं ते माझ्यामुळं आणि जे वाईट झालं ते बाईंमुळं, अशी मी सरळ वाटणी करून टाकली होती.

आणि एके दिवशी दुपारी त्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

“काय रं नऊ नंबर, वळखलंस का?”

अकरा वर्षांत बाई वाळल्या होत्या. नाकावर दोन भिंगांचा जाड चष्मा. वरच्या भिंगातून लांबचं, खालच्यातून जवळचं. माझ्याकडं बघताना त्या हनुवटी खाली घेत आणि टेबलावरचं बघताना वर करत. हातात बेदाण्याची पिशवी होती. तासगावला त्यांची भाची दिली होती, तिच्याकडून त्या थेट माझ्याकडं आल्या होत्या.

“खा,” पिशवी पुढं करत त्या म्हणाल्या. “आनि मला संगणक दे. मशीन कुठलंबी चालंल, पन पडदा नीट बघून दे. डोळं म्हातारं झाल्यात माजं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. नुसत्या टायपिंगच्या वर्गांचे दिवस संपत आले होते. वरून फर्मान निघालं होतं, की वर्गात संगणक पाहिजे आणि चालवणाऱ्याला तो आला पाहिजे. दिवाळीनंतर तपासणीस येणार होते. बाईंना संगणक आला तर वर्ग राहणार, नाही आला तर मान्यता जाणार. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, पण तो अजून पिकला नव्हता, त्यामुळं डॉक्टर हात लावत नव्हते.

“साताऱ्यातबी दुकानं हायत की,” मी म्हणालो. त्यांच्याशी बोलताना मीही तसंच बोलू लागलो होतो.

“हायत. पन माज्या हाताखालनं गेलेला मानूस मला फसवनार न्हाई.”

ऐकलंत ना? मी बेदाणे खात होतो आणि ऐकत होतो. तुमच्यापैकी कुणी असा डूख धरला असेल, तर त्या वेळी पोटात कसं गार वाटतं ते तुम्हाला ठाऊक असेल.

पडदा त्यांनी स्वतःच निवडला, आणि काय निवडला! पिशवीतून एक सुतळी काढली. वर्गात कागद किती लांब उभा करायचा ते त्या याच सुतळीनं मोजत. एक टोक विद्यार्थ्याच्या नाकाशी, दुसरं कागदाशी. ती त्यांच्या हाताच्या लांबीची होती. माझ्या दुकानात चौदा, पंधरा आणि सतरा इंची असे तीन पडदे चालू होते. बाई एकेकापुढं बसल्या, सुतळी लावली आणि मला म्हणाल्या, “आता घ, ध, भ, म, प, ष अशी अक्षरं मिसळून टाइप कर. मला सांगू नगंस.”

चौदा इंचीवर त्यांनी ‘घ’ला ‘ध’ म्हटलं. पंधरा इंचीवर भ आणि म यांत घोटाळा झाला. सतरा इंचीपुढं बसल्या आणि सगळी ओळ घडाघडा वाचून काढली. तिथं अक्षरं चांगली बोटाच्या पेराएवढी दिसत होती.

“ह्यो,” त्या म्हणाल्या. “उगं बारका पडदा घिऊन नाक घासत बसायचं न्हाई. वय झाल्यावर मोठा, आनि हातभर लांब. काय?”

मी मान हलवली. गिऱ्हाइकांना मी हेच समजावून सांगत असे आणि कुणी ऐकत नसे. बाईंनी ते एका सुतळीत ठरवलं.

संगणक पोचवायला मी स्वतः टेम्पोतून साताऱ्याला गेलो. तो सतरा इंची डबा म्हणजे धोंडाच होता. ड्रायव्हरनं आणि मी तो गिरणीच्या जिन्यावरून वर नेला, त्याच जिन्यावरून. जोडणी झाली. आता नीट ऐका, कारण माझ्या सुडात आरडाओरडा नव्हता, तोडफोड नव्हती. माउसनं दाबायची पडद्यावरची चार-पाच बटणं होती.

मोठ्या पडद्यावर अक्षरं मोठी दिसतातच असं नाही. तुम्ही सांगाल तशी ती दिसतात. जास्त मजकूर मावेल अशी मांडणी केली, तर मोठ्या पडद्यावरही मोहरीएवढी अक्षरं येतात. मी तशीच केली. पडद्याचं लुकलुकणं कमीजास्त करता येतं, ते मी सगळ्यात वाईट जागी आणून ठेवलं. आणि पडदा ठेवला संगणकाच्या आडव्या डब्याच्या डोक्यावर, उंच. दोन भिंगांचा चष्मा असलेल्या माणसाला समोरचं वाचायला खालचं भिंग लागतं. पडदा उंच ठेवला की त्याला हनुवटी आभाळाकडं करून बसावं लागतं. दहा मिनिटांत मान धरते.

बाई बसल्या. हनुवटी वर केली, डोळे बारीक केले.

“दुकानात तर मोठी दिसत हुती रं अक्षरं.”

“दुकानात उजेड वेगळा होता, बाई. इथं खिडकी आहे.”

“आनि ह्ये फडफडतंय कशानं?”

“मोठा पडदा असाच असतो. सवय करावी लागते.” मग मी थोडा थांबलो. ते वाक्य मी अकरा वर्षं तोंडात धरून होतो. “सहा महिन्यांत जमेल.”

बाईंनी मान हलवली. सहा महिने म्हणजे त्यांना रास्तच वाटलं. परतताना टेम्पोत मी ड्रायव्हरला म्हटलं, आज वाटेत जेवण माझ्याकडून. कराडजवळ आम्ही पोटभर जेवलो. इतकं चविष्ट जेवण मी आयुष्यात फार कमी वेळा जेवलोय, हे मला इथं खोटं लिहिता येणार नाही.

दोन महिन्यांनी प्रिंटरचा कागद अडकतोय असा निरोप आला. मी मुद्दाम गेलो. मला बघायचं होतं. जिन्यातच टकटक ऐकू आली, संगणकाच्या कळांची, पावसाच्या सरीसारखी एकसारखी. वर जाऊन बघतो तर बाई ताठ बसलेल्या, मान सरळ, नजर डावीकडच्या कागदावर, आणि माझ्या सतरा इंची पडद्यावर तोच हिरवा, विटका लुगड्याचा तुकडा टाकलेला! पडदा झाकून बाई टाइप करत होत्या.

“बाई, हे काय?”

“लय फडफडतंय. डोळं दुखतात. मग म्हनलं, मला कुठं बघायचंय? डोळं कागदावर, बोटं आपापल्या घरी. झाल्यावर छापते आनि छापल्याला तपासते.”

माझा सगळा सूड त्या फडक्याखाली झाकला गेला होता. या बाईला पडदाच लागत नव्हता! जगातल्या कुठल्याही माणसावर माझी युक्ती चालली असती, पण टायपिंगच्या बाईवर ती चालवायला निघालेला मी किती शहाणा होतो ते बघा.

मी प्रिंटर दुरुस्त केला. तेवढ्यात एक वकील काही कागद टाइप करून न्यायला आले. त्यांनी झाकलेला पडदा बघितला आणि म्हणाले, “बाई, तुम्हाला कुणीतरी खराब माल गळ्यात मारलेला दिसतोय.”

“माल चोख हाय,” बाई फटकन म्हणाल्या. “माज्या विद्यार्थ्यानं दिलाय. डोळंच माजं गेल्यात.”

मला तिथंच काहीतरी वाटायला हवं होतं. वाटू लागलंही होतं. माउस हातभर अंतरावर होता. पण बाई तिथं थांबल्या असत्या तर त्या बाई कसल्या? माझ्याकडं बोट करून त्या वकिलांना म्हणाल्या, “ह्योच त्यो. नऊ नंबर. बघून टाइप करायचा. एकोनीस चुका!”

वकील हसले. मी पिशवी उचलली आणि खाली उतरलो. तपासणी तीन आठवड्यांवर आली होती, मला ते ठाऊक होतं, आणि तरी मी उतरलो.

दिवाळीनंतर महिन्याभरानं सांगलीला पत्र आलं. जुन्या मशीनवर टाइप केलेलं, समासासकट. बोलताना मला अरे-तुरे करणाऱ्या बाई कागदावर मात्र “आपण” म्हणत होत्या.

“आपण दिलेले यंत्र उत्तम स्थितीत आहे. यंत्रात कोणताही दोष नाही. माझी दृष्टी कमी पडल्यामुळे वर्गाची मान्यता रद्द झाली आहे. सबब यंत्र विकणे आहे. योग्य गिऱ्हाईक असल्यास कळवावे.”

मी ते पत्र दोनदा वाचलं. अडवलेल्या फॉर्मला रद्द झालेली मान्यता. फिट्टंफाट. मी चहा मागवला. चहा येईपर्यंत तिसऱ्यांदा वाचलं, आणि या वेळी “यंत्रात कोणताही दोष नाही” या ओळीवरून माझे डोळे पुढं सरकेनात. चहा तसाच राहिला. दुकानाला कुलूप लावून मी साताऱ्याची एसटी धरली.

वर्गात बाई एकट्याच होत्या. बारापैकी आठ मशिनं पोत्यात शिवून ठेवली होती.

“गिऱ्हाईक आनलंस व्हय?”

मी पडद्यावरचं फडकं काढलं. पडद्याचा तो जड डबा एकट्यानं उचलून खाली टेबलावर ठेवला, थोडा मागं कलता केला. बाईंच्या ड्रॉवरमधून सुतळी काढली, त्यांच्या नाकाशी एक टोक धरलं आणि पडदा बरोबर दुसऱ्या टोकाशी आणला. मग माउस धरला. चार-पाच बटणं. लुकलुकणं थांबलं. अक्षरं फुगली आणि दुकानाच्या पाटीसारखी उभी राहिली.

बाईंनी सवयीनं हनुवटी वर केली. मग हळूहळू खाली आणली. खालच्या भिंगातून त्यांनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. पुटपुटत सगळं पान वाचलं. घ, ध, भ, म, काही चुकलं नाही.

“ह्ये आदी करता येत न्हवतं व्हय?”

“येत होतं.”

“मग?”

“तुम्ही माझ्या फॉर्मवर सही केली नव्हती.”

खाली गिरणी चालू होती. मग तपासणीच्या दिवशी काय झालं ते बाईंनी सांगितलं, अगदी सपाट आवाजात. तपासणिसांनी एक उतारा दिला. बाईंनी तो टाइप केला, एकही चूक नाही, आणि असा वेग आपण बघितला नाही असं ते स्वतः म्हणाले. मग म्हणाले, आता पडद्यावर वाचून तिसऱ्या ओळीतला शब्द बदला. बाईंनी हनुवटी वर केली. ओळच दिसेना. त्यांनी अंदाजानं बदलला, तो चौथ्या ओळीतला निघाला. चार लोकांत तपासणीस म्हणाले, “बाई, आता आराम करा.”

“आराम करा म्हनला,” बाई म्हणाल्या. “अट्ठावीस वर्सं मी ह्या मशिनांवर पोरं बसवली.”

“मी त्यांना जाऊन सांगतो. लिहून देतो, माझ्यामुळं झालं म्हणून.”

“काय लिवनार? सूड घेतला म्हून?” त्या माझ्याकडं वळल्या. “आता वरीसभर अर्ज करता येत न्हाई. वरीसभरानं कोन मी आनि कोन वर्ग.”

“बाई, माझं चुकलं.”

“त्ये मला दिसतंय. आता लय चांगलं दिसतंय.” चष्म्याआडचे डोळे ओले होते, पण आवाज पट्टीसारखा होता. “तुजा फॉर्म मी अडवला हुता, ध्यानात हाय माज्या. आज आनलास तर आजबी अडवीन. पन मी तुला समोर बसवून, चुका मोजून, तोंडावर न्हाई म्हनलं. तू मला काय म्हनलास? खिडकी हाय!”



बाई उठल्या. खाली पडलेलं फडकं उचललं, झटकलं. मला वाटलं पुन्हा पडदा झाकतील. त्यांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं, हात कळांवर ठेवायला लावले आणि फडकं माझ्या हातांवर टाकलं. तोच पिठाचा वास.

“टाइप कर. डोळं कागदावर.”

दुकानाचा मालक, छत्तिशीचा बाप्या, मी तिथं टाइप केलं. बाई माझ्या खांद्यामागं उभ्या राहून सतरा इंची पडद्यावर माझी एकेक चूक उमटताना बघत होत्या. त्यांना ती आता खोलीच्या मध्यातूनही दिसली असती. पान संपलं. त्यांनी छापलंही नाही, पडद्यावरच पट्टीच्या टोकानं टोकत मोजलं.

“बावीस. पयल्यापरीस वाढल्या. ऊठ.” आणि दाराकडं बोट केलं. “सहा महिन्यांनी ये. तवर मला तोंड दाखवू नगंस.”

संगणक विकायचा का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, न्हाई, आता चांगला दिसतोय तर ठेवते.

मग मी काय केलं ते माझ्या दुकानात आलेल्या सगळ्या सांगलीनं बघितलंय. रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असताना मी हातांवर टॉवेल टाकून टाइप करायचो. लोक विचारत, काय शेठ, हात भाजला काय? एक जण तर म्हणाला, नवस बोललाय वाटतं. मी हूं म्हणायचो. पहिल्या महिन्यात पंधरा चुका, मग नऊ, मग चार. चुका कमी व्हायला लागल्या तशी मला चक्क मजा यायला लागली. डोळे कागदावर ठेवून बोटं आपोआप घरी परतताना जे वाटतं, ते बाईंनी मला तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलंही असेल. मी कळांकडं बघत असेन.

बाईंच्या बातम्या येत होत्या. वर्ग गेला, पण टाइप करून द्यायचं काम वाढलं होतं. वकिलांचे कागद, प्राध्यापकांचे प्रबंध. बाई पडद्यावरच तपासतात आणि दुसऱ्यांच्या लिहिण्यातल्या चुकाही काढून देतात, असं कुणीतरी सांगितलं. ऐकून मला बरं वाटलं, पण भेटायला गेलो नाही. सहा महिने म्हणजे सहा महिने.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात सहा महिने भरले. मी सकाळच्या एसटीनं निघालो. आदल्या दिवशीच्या पानात एकही चूक नव्हती. खिशात एक कागद होता, मीच तयार केलेला. अकरा वर्षांपूर्वी फाडलेला फॉर्म मला जसा आठवत होता तसा मी टाइप केला होता, खाली सहीसाठी टिंबांची ओळ सोडली होती. बाई हसतील असं मला वाटत होतं. बाईंना हसताना मी कधी बघितलं नव्हतं.

माडीचं दार उघडं होतं. आत एक बाई खोकी बांधत होती. मला बघून तिनं पदर सावरला.

“तुमी नऊ नंबर का?”

ती तासगावची भाची होती. बाईंना ताप आला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं, तिनं सांगितलं. तेरावं होऊनही आठवडा झाला होता. मला कळवायला तिच्याकडं नाव-पत्ता नव्हता, नुसता ‘नऊ नंबर’ होता.

“मावशीनं तुमच्यासाठी ठेवलंय ह्ये. म्हनली, जूनअखेरला ईल त्यो. आला न्हाई तर फाडून टाक.”

लिफाफ्यावर “नऊ नंबर” असं टाइप केलेलं होतं. आत परीक्षेचा उतारा होता, एक पानभर, अवघड जोडाक्षरांचा. बाईंनी तो माझ्यासाठी मोठ्या अक्षरांत छापला होता. माझेही डोळे आता चाळिशीकडं निघालेत, हे त्यांनी गेल्या खेपेला हेरलं असावं. उताऱ्याच्या खाली दोन ओळी होत्या. चुका, आणि त्यापुढं रिकामी जागा. वर्गचालिकेची सही, आणि त्यापुढं रिकामी जागा.

भाचीला सांगून मी संगणक चालू केला. पडदा मी ठेवला होता तसाच, तितकाच खाली, तितकाच कलता होता. फडकं खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवलेलं होतं. मी ते हातांवर घेतलं आणि उतारा टाइप केला. भाची खोकी बांधायची थांबून उभी राहिली होती.

झाल्यावर मी पडद्यावर वाचलं. एकदा, दोनदा. एकही चूक सापडली नाही.

“पास झाला की मग,” भाची म्हणाली.

मी तिला सांगितलं, की स्वतःच्या चुका स्वतः मोजलेल्या बाई धरत नसत. त्या लाल पेन्सिलीनं मोजत आणि मगच सही करत.

तो सतरा इंची पडदा मी सांगलीला घेऊन आलो. आता मलाही दोन भिंगांचा चष्मा लागलाय आणि मी त्याच पडद्यापुढं, त्याच सुतळीइतका लांब बसतो. उतारा टेबलाच्या काचेखाली आहे. चुकांची जागा रिकामी आहे, आणि सहीचीही.